पाणी थांबू दे

सैनशांद अजून साठ किलोमीटर होतं
तेव्हा गाडीचं मागचं डावं चाक बसलं.
स्टेपनी आधीच चोयरला बसलेली.
पहाटेचे साडेतीन, उणे अठ्ठावीस,
आणि वारा असा की शिवी तोंडातून सुटली
की आपली राहायचीच नाही.

लंगडत लंगडत आणली गाडी एका उजेडापर्यंत.
जहाजावरचा गंजका कंटेनर, दाराशी टांगलेला टायर,
त्यावर पांढऱ्या रंगात एकच शब्द: चाक.
दुरुस्ती मावली नसावी.

माझ्या आधी सीमेकडे निघालेले दोन ट्रक.
ड्रायव्हर केबिनमध्ये घोरत होते
आणि एक बाई, पन्नाशीची असेल, एकटी,
पहारीवर सगळं अंग टाकून
रिमपासून टायर सोडवत होती.
मेंढीच्या कातड्याचा लांब अंगरखा,
उजवी बाही कोपरापर्यंत जळकी.
म्हटलं, हात लावू?
तिने माझ्या हातमोज्यांकडे पाहिलं.
म्हणाली, दिवा धरा.

मी दिवा धरला.
दीड तास माझं कर्तृत्व एवढंच.

माझी पाळी आली तोवर
घमेल्यातल्या पाण्यावर पुन्हा बर्फाची साय.
ती तिने बोटांच्या पेरांनी फोडली,
उघड्या हातांनी ट्यूब आत दाबली.
मी दिवा जवळ नेताना घमेल्याला पाय लागला.
"हलवू नका. पाणी थांबू दे.
थांबलं की तेच सांगतं."

दोघं वाकून बघत राहिलो
पाळण्यात बघावं तसं.
आधी काहीच नाही.
मग मोहरीएवढा एक बुडबुडा,
त्याच्या पाठोपाठ दुसरा, त्याच वाटेने.
"हे इथे," ती म्हणाली,
मोजणीत कमी भरलेलं मेंढरू
बाभळीसारख्या कुठल्याशा झुडपामागे दिसावं, तशी.

कानशीने घासलं. डिंक लावला. फुंकर घातली.
ठिगळ शिकंज्यात तापत होतं तेव्हा आतून
एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला:
"नारमंदाख, चहा निवतोय!"
ती गेली नाही.
नारमंदाख, म्हणजे सूर्य उगवतोय.
उगवायला अजून तीन तास होते.

हवा भरून झाल्यावर तिने
जिभेवर बोट टेकवून व्हॉल्व्हवर थुंकी लावली
आणि कान जवळ नेऊन
आजारी पोराचा श्वास ऐकावा तशी ऐकत राहिली.
मग टोपण फिरवलं.

आठ हजार तुगरिक.
मी दहाची नोट दिली, म्हटलं राहू दे.
"चाकाचे आठच होतात."
सुटे नव्हते म्हणून आत जाऊन
वाळवलेल्या दह्याचे पाच खडे घेऊन आली,
माझ्या ओंजळीत मोजून टाकले, आणि
पुढच्या गाडीच्या उजेडाकडे वळली.
माझं नाव तिने विचारलं नाही.
कुठे चाललोय, तेही नाही.

चाललो होतो धाकट्या भावाकडे, वाटणीला.
वडील जाऊन एकोणपन्नास दिवस झाले होते.
एकशे बारा मेंढ्या, एकोणीस शेळ्या, त्यांचे भाग पडतात.
एक उंटीण होती, तिचे पडत नाहीत.
उलानबातरपासून मी वाक्यं घासत आलो होतो,
प्रत्येकाला धार होती.

भावाने दार उघडलं, आणि आधीच ओरडायला लागला.
मी बसलो. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
तो वडिलांच्या औषधांबद्दल ओरडला,
हिवाळ्यातल्या त्या तीन फोनबद्दल जे मी उचलले नाहीत,
मग खोगिराबद्दल, मग पुन्हा फोनबद्दल.
मी काही हलवलं नाही.
बराच वेळ गेला.
शेवटी तो म्हणाला, अगदी हळू:
"शेवटच्या रात्री ते मला तुझ्या नावाने हाक मारत होते."

उंटीण त्याच्याकडे राहिली.

परतताना भर दुपार होती, तिच्या दाराशी चार ट्रक,
ती कुठल्याशा चाकाखाली, नुसते बूट दिसत होते.
हॉर्न दिला. बुटांनी काही उत्तर दिलं नाही.

चार खडे वाटेत संपले.
पाचवा अजून कोटाच्या खिशात आहे,
दात लागत नाही त्याला.